चौदा घरांचे अनारसे

माझ्यामुळे सिंगापुरातल्या चौदा मराठी घरांतले अनारसे हसले, आणि मी त्याबद्दल त्या घरांचं अभिनंदन केलं.

ज्यांच्या घरी अनारसे होतात त्यांना एवढं वाक्य पुरे आहे. त्यांनी कपाळाला हात लावला असेल. बाकीच्यांसाठी सांगतो. अनारसा तेलातुपात टाकल्यावर जाळीदार फुलावा लागतो, पण फुटता कामा नये. फुटला, पसरला, कढईभर विखुरला, की बायका ‘अनारसा हसला’ म्हणतात. घरात कोणी तरी गेल्यावर वापरावा अशा आवाजात म्हणतात. मला हे ठाऊक नव्हतं. आमच्या पुण्याच्या घरी अनारसे दुकानातून पुड्यात बांधूनच जन्माला येत. ते रडतात की हसतात याची आम्ही कधी चौकशी केली नव्हती.

मी तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो आणि क्लेमेंटीला चीफच्या घरी एका खोलीत भाड्याने राहत होतो. चीफ म्हणजे जहाजावरचे चीफ इंजिनियर. मूळचे गुहागरचे, आडनाव साने, पण ते आडनाव फक्त पत्रांवर असे. त्यांना सगळे चीफच म्हणत. घर नवव्या मजल्यावर. खाली थोड्याच अंतरावर खांबांवरून एमआरटी जायची, आणि ही तिथली मेट्रो गेली की स्वयंपाकघरातल्या फडताळात स्टीलच्या वाट्या एकमेकींशी पुटपुटायच्या. सकाळी चीफच्या बायकोचा, म्हणजे आमच्या वहिनींचा, मिक्सर, दुपारी रद्दीवाल्याचा पोंऽऽप करून वाजणारा भोंगा, संध्याकाळी कुठल्या तरी मजल्यावरून येणारा तळलेल्या मासळीचा वास आणि आमच्या घरातून त्याला दिलेलं हिंगाच्या फोडणीचं उत्तर. वहिनींची आमटी अशी असे की मी ऑफिसातून येताना लिफ्टमध्येच भाताचा अंदाज बांधायचो. आता माझ्या डॉक्टरने भात मोजून दिला आहे. मोजताना रोज त्या आमटीची आठवण येते आणि मोजमाप चुकतं.

मी राहायला गेल्यावर वर्षभरात तेलाचे भाव कोसळले. खायच्या नव्हे, जमिनीखालच्या. समुद्रातल्या विहिरींना सामान पोचवणारी जहाजं एकामागून एक नांगर टाकून उभी राहिली, आणि चीफची नोकरी गेली. बावन्नाव्या वर्षी. पहिले दोन महिने ते रोज इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर पडत. नंतर पडेनासे झाले. बोलणंही हळूहळू आटत गेलं. पण शरीराला लागलेली सवय जाईना. पहाटे चारला उठायचे आणि इंजिनरूममध्ये फेरी मारावी तशी घरभर फेरी मारायचे. फ्रिजच्या कुशीला तळहात लावून उभे राहायचे, कंप नीट आहे ना ते बघायचे. पंख्याचे स्क्रू आवळायचे. एकदा मी पहाटे पाणी प्यायला उठलो तर माझ्याही खांद्यावर हात ठेवून क्षणभर थांबले. मला वाटलं, आता मलाही आवळतात.

फ्रिजवर एका घरदलालाचं कार्ड चुंबकाने लावलेलं होतं. त्याच्याकडे कोणी बघत नसे, म्हणजे सगळेच बघत. घर विकायचं आणि गुहागरला जायचं, हे ठरल्यातच जमा होतं. प्रश्न फक्त कधी, एवढाच होता. कारण सई. त्यांची सोळा वर्षांची मुलगी त्या वर्षाच्या शेवटी शाळेच्या मोठ्या परीक्षेला बसणार होती. परीक्षेआधी उचललं तर तिकडे कुठल्या वर्गात बसवायचं हेच कुणाला कळत नव्हतं. सई मराठी समजायची, उत्तर मात्र तिथल्या इंग्रजीत द्यायची. वहिनींनी मनाशी एक गोष्ट धरली होती: सईचा शेवटचा पेपर होईपर्यंत हे घर टिकवायचं. त्यापलीकडचा विचार त्या करत नसत. त्या जगातल्या प्रत्येक वस्तूचं माप महिन्यांत करायच्या. हा तांदूळ किती महिने, हे तेल किती महिने.

आमचा ग्राहक संघ निघाला तो त्यातून. वहिनींचं माहेर गोरेगावचं. त्यांच्या आईच्या इमारतीत ग्राहक संघ होता. महिन्यातून एकदा डाळ-तांदळाची पोती थेट जिन्याच्या चौकात येऊन पडत, आणि इमारतीतल्या बायका तराजू घेऊन आपापसात माल वाटून घेत. दुकानदार मध्ये नाही, खडे नाहीत, मापात खोट नाही. लहानपणी वहिनींचं काम पिशव्यांची तोंडं उघडी धरण्याचं. “आईच्या हाताला तुरीच्या डाळीचा वास यायचा,” त्या सांगायच्या, “दोन दिवस जायचा नाही.” एका रविवारी त्या मला म्हणाल्या, “मिलिंद, आपण इथे तसं करू या का रे? सगळ्यांचीच ओढाताण चाललीय.” मी लगेच इंटरनेटवर बसलो, आणि संध्याकाळपर्यंत मला ग्राहक सहकाराचा सगळा उगम मुखोद्गत झाला होता. इंग्लंडातल्या रॉचडेल गावचे विणकर, त्यांची उपासमार, दुकानदारांची भेसळ, त्यांनी सगळ्यांनी मिळून उघडलेलं ते छोटं दुकान, त्यात पीठ, लोणी, साखर, मेणबत्त्या. शुद्ध माल, बरोबर वजन, उधारी नाही, आणि एका सभासदाला एकच मत, मग तो राजा असो की रंक. मी भारावून तासभर बोललो. वहिनी पोळ्या लाटत होत्या. शेवटी म्हणाल्या, “विणकर राहू देत. तराजू कुठे मिळेल ते बघ.”

तराजू मिळाला. लिटल इंडियातला एक तमिळ घाऊक व्यापारीही मिळाला. त्याला आम्ही अण्णा म्हणायचो. अण्णाची अट एकच: चौदा घरं असतील तर लॉरी क्लेमेंटीला येईल, तेरा असतील तर येणार नाही. का, ते त्याने सांगितलं नाही. व्यापाऱ्याच्या अटीला कारण विचारायचं नसतं. आम्ही चौदा घरं जमवली. त्यातली सहा सरपोतदार काकूंनी आणली. या काकू क्वीन्सटाउनला राहत, नवरा बँकेत मोठा, आणि काकूंच्या शब्दाला मराठी मंडळींत असं वजन की त्या ज्या दुकानात साडी घेत तिथे दुसऱ्या दिवशी आणखी चार जणी दिसत. त्यांना स्वस्त डाळीची काही गरज नव्हती. त्या आल्या ते वहिनींच्या प्रेमाखातर. पहिल्या रविवारी आमच्या इमारतीच्या तळमजल्यावरच्या मोकळ्या जागेत, व्हॉइड डेकवर, रीतसर परवानगी काढून आम्ही पोती फोडली. चिनी आजोबा बुद्धिबळ सोडून आमचा तराजू बघायला आले. वहिनींच्या हाताला दोन दिवस तुरीच्या डाळीचा वास येत होता. मी सेक्रेटरी झालो. सगळ्यांचा व्हॉट्सॅप ग्रुप मीच काढला. खरेदीही माझ्याकडे, कारण मला उत्साह होता. उत्साह हा गुण समजला जातो, तो माझ्यासारख्यांच्या सोयीसाठी.

तिसऱ्या महिन्यात घरं डळमळायला लागली. इमारतीखालीच सुपरमार्केट आहे, वर पोहोचवून देतात, मग रविवार कशाला घालवा, अशी कुजबुज सुरू झाली. तेवढ्यात अधिक महिना आला. अधिकात जावयाला तेहतीस अनारसे द्यायचे असतात, त्यावर दिवा ठेवून. परदेशात कोण करतंय अनारशाचं पीठ? तीन दिवस तांदूळ भिजवा, रोज पाणी बदला, सावलीत सुकवा, दळा, चाळा, गुळात मळा, मुरवा. वहिनी म्हणाल्या, “मी चौदा घरांचं पीठ करून देते. संघाचं पीठ. ज्याला जावई आहे त्याला जावयासाठी, नाही त्याला खायला. सुपरमार्केटात मिळेल का हे?” त्यांच्या डोळ्यांत मी कितीतरी दिवसांनी काहीतरी हललेलं पाहिलं. मला यादी दिली. यादीत पहिलीच ओळ: जुना तांदूळ, वीस किलो.

आता मी अण्णाच्या दुकानात उभा आहे असं समजा. अण्णा विचारतो, “ओल्ड ऑर न्यू क्रॉप?” मी विचारतो, भाव? “सेम.” एका पोत्यावर ठसठशीत लाल अक्षरात ‘न्यू क्रॉप’ छापलेलं, भाताची हिरवीगार लोंबी काढलेली. दुसरं पोतं साधं, जरा मळकट. मी मनात म्हटलं, वहिनी बिचाऱ्या काटकसरीने जुना मागतायत. त्याच भावात नवा मिळत असेल तर? अण्णाने एकदा माझ्याकडे, एकदा यादीकडे बघून “शुअर?” असं विचारलंही. मी म्हटलं, “अण्णा, फॉर लेडीज, ओन्ली बेस्ट!” आणि घरी येऊन तांदूळ परस्पर मोठ्या डब्यांत ओतला, म्हणजे वहिनींना वाकायला नको. इतका मी समंजस.

पुढचे आठ दिवस घर तांदळाचं झालं. बादल्यांतून आंबूस वास. मग वहिनींनी पांढरी धोतरं पसरून तांदूळ सुकायला घातला तो माझ्या खोलीत, कारण तिथे ऊन येत नसे. मी बाहेर सोफ्यावर. चीफनी कुणी न सांगता खोलीतल्या पंख्याचा वेग तीन नंबरवर लावला, धोतराच्या चारी कोपऱ्यांवर आपले लोखंडी पाने ठेवले आणि दर तासाला जाऊन तांदूळ बोटांनी चाचपून यायला लागले. सई दारात उभी राहून म्हणाली, “पापा डुइंग वॉच ड्यूटी फॉर राइस.” वहिनी हसल्या. माणसाचं हसणं हे. पीठ झालं, गुळात मुरलं, चौदा डबे भरले गेले. एकच उणीव होती: अनारसा खसखशीवर थापतात, आणि खसखस या देशात आणायलाच बंदी आहे, अफूच्या नातलगांत मोडते म्हणून. तेव्हा सगळ्यांनी रव्यावर थापायचं ठरलं.

शनिवारी दुपारी फोन वाजला. सरपोतदार काकू. त्यांच्याकडे तोआ पायोहहून लेक-जावई आणि जावयाचे आई-वडील जेवायला आलेले, हे मला माहीत होतं.

“मिलिंद,” काकू हळू आवाजात म्हणाल्या, “अरे, अनारसे हसले.”

“वा!” मी म्हणालो.

“अरे, सगळेच्या सगळे हसले. एकसुद्धा धड नाही.”

“वा, वा, काकू! अभिनंदन! मग जावईबापूही हसले असतील!”

फोन बंद झाला. मला वाटलं, पाहुण्यांची गडबड असेल. मी ताबडतोब ग्रुपवर लिहिलं: ‘सरपोतदार काकूंकडे संघाचे अनारसे हसले! सर्व सभासदांकडे असेच हसोत, ही सदिच्छा.’ खाली दोन हात जोडले आणि एक फुलांचा गुच्छ ठेवला. पाच मिनिटांत उत्तरं आली. ‘आमचेही हसले.’ मी अंगठा दिला. ‘आमच्याकडेही तेच.’ मी टाळ्या दिल्या. मग कुणीतरी लिहिलं, ‘ही काय चेष्टा आहे?’ मग, ‘साने वहिनींनी हे लिहायला सांगितलंय का?’

सईने तो ग्रुप आईच्या फोनवर वाचला. “आई, व्हाय एव्हरीबडी सो अँग्री?” वहिनींनी फोन घेतला, वाचला आणि कढई चढवली. आपल्या डब्यातलं पीठ घेतलं, रव्यावर एक अनारसा थापला, तुपात सोडला. मी शेजारीच उभा होतो. तो क्षणभर नीट होता. मग कडेने उसवला, मध्ये तडकला आणि सगळ्या कढईभर पसरत गेला, जणू कुणी मूठभर भुसा टाकला होता. वहिनींनी गॅस बंद केला आणि तिथेच फरशीवर बसल्या. एमआरटी गेली, वाट्या पुटपुटल्या. मला तेव्हा ‘हसणे’ या क्रियापदाचा अर्थ समजला.

“पाणी तीनदा बदललं,” त्या स्वतःशीच बोलत होत्या. “गूळ बरोबर होता. ऊन लागू दिलं नाही.” मग माझ्याकडे बघून, “तांदूळ जुनाच होता ना रे?”

इथे मला थोडं थांबायचं आहे. वय वाढलं की माणसाला सगळे विनोद सांगता येतात, एखादाच घशात अडकतो. त्या क्षणी माझ्या डोळ्यांपुढे ती हिरवी लोंबी आली, आणि मी म्हणालो, “हो.”

“मग माझा हातच गेला,” वहिनी म्हणाल्या. “संघ आता राहत नाही. काकू गेल्या की सहा घरं गेली. अहो,” स्वयंपाकघराच्या दारात चीफ उभे होते, “सोमवारी त्या दलालाला फोन करा. डिसेंबरपर्यंत नाही निभावणार.” चीफनी मान हलवली. होकाराची की नकाराची, ते कळलं नाही. सई तिच्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. त्या दाराच्या आवाजाइतकं लहान मला आयुष्यात कशानेही केलेलं नाही, आणि मला लहान करणाऱ्या गोष्टी पुष्कळ झाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाटपाऐवजी सभाच झाली. व्हॉइड डेकवर चौदाही घरं आली होती. काहींनी डब्यातून पुरावे आणले होते. कोणी म्हणालं, दोष रव्याचा, खसखशीशिवाय अनारसा नाहीच. मी मोठ्याने “अगदी बरोबर!” म्हणालो. काही वेळ रव्यावर चर्चा चालली आणि मला आशा वाटू लागली की अफूच्या कायद्यावर सगळं ढकलून आपण सुटतो. पण सरपोतदार काकू म्हणाल्या, “रव्याने जाळी कमी पडेल, अनारसा हसणार नाही. माझ्या विहीणबाई समोर बसल्या होत्या, वहिनी. आणि वर ग्रुपवर ते! मला नाही वाटत आम्ही यापुढे येऊ.”

वहिनी उभ्या राहिल्या. साडीचा पदर खांद्यावर घट्ट ओढून घेतला होता. “ग्रुपवरचं पोरकटपणाने झालं. पिठाची चूक माझी आहे,” त्या म्हणाल्या. “माझा हात बिघडलाय. मी संघातून जाते. पण काकू, तुम्ही संघ मोडू नका. दुसरं घर बघा आणि चौदा पुरे करा. सईची परीक्षा...”

मी पळत सुटलो. लोकांना वाटलं, हा रडायला गेला. लिफ्ट अकराव्या मजल्यावर होती, म्हणून जिन्याने नऊ मजले चढलो. माझ्या पलंगावरच्या गादीखाली दोन रिकामी पोती मी आदल्या रात्री घडी घालून लपवलेली होती. ती घेऊन उतरलो तेव्हा मला बोलायला श्वास नव्हता. मी फक्त एक पोतं छातीवर धरून सगळ्यांपुढे उभा राहिलो, शाळेत पृथ्वीचा नकाशा धरून उभं करत तसा.

काकूंनी चष्मा लावला. “न्यू... क्रॉप,” त्यांनी वाचलं. बुद्धिबळवाल्या आजोबांनीही मान वर केली. “अरे! नव्या तांदळाचे अनारसे? चिकट तांदूळ तो, हसणारच!”

“त्याच भावात मिळत होता, काकू,” मी धापा टाकत म्हणालो. “म्हटलं, जुना कशाला?”

“आणि मला हो म्हणालास?” वहिनी म्हणाल्या. त्या रागावल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या आपल्या हाताकडे बघत होत्या, हरवलेली वस्तू सापडल्यावर बघतात तशा. सई पुढे आली, पोत्यावरची लोंबी बघितली आणि म्हणाली, “दादा, यू सो ब्लर, लाह.” तिथे बावळट माणसाला ब्लर म्हणतात. धुरकट या शब्दात निदान थोडी काव्यमयता आहे.

मग काकूंनी वहिनींचा हात धरला. “हात ठीक आहे तुमचा. डोकं बघून घ्यायचं राहिलं, या मुलाचं.” आणि वळून सगळ्यांना विचारलं, “खरेदी याच्याकडून काढून घ्यावी, या बाजूने कोण?” एका घराला एक मत, हा नियम मीच शिकवलेला. तेरा घरांचे तेरा हात वर झाले, त्यात वहिनींचाही. मी साने कुटुंबात मोडत असल्यामुळे मला मतच नव्हतं. तेवढ्यात चौदाव्या घराचा हातही वर आला, तो टाळ्या वाजवण्यासाठी. मोजणीत तोही धरला. खरेदी वहिनींकडे गेली आणि माझ्याकडे पोती उचलण्याचं खातं आलं. ते मी मनापासून सांभाळलं. आजच्या माझ्या पाठीला विचारा. दलालाला सोमवारी फोन झाला नाही. सईचा शेवटचा पेपर झाला त्या दिवशी डब्यात तुरीची डाळ होती, हे मी छातीठोकपणे सांगतो. नंतर जानेवारीत घर विकलं गेलं, फडताळातल्या वाट्या गोणपाटात बांधल्या गेल्या आणि ते तिघं गुहागरला गेले. संघाने एवढंच केलं. रॉचडेलच्या विणकरांनी जग बदललं म्हणतात. आम्ही पाच महिने काढले.

पण त्या रविवारी हे कुणालाच माहीत नव्हतं. काकूंनी पुरावे म्हणून आणलेला अनारशांचा चुरा एका मोठ्या पातेल्यात ओतला, कुणीतरी सुपरमार्केटातून दूध आणलं, आणि चौदा घरं उभ्याउभ्या हसलेले अनारसे दुधात कालवून खायला लागली. चवीला उत्तम होते. मी ते बोलूनही दाखवलं. चीफ खांबाला टेकून उभे होते, हातात वाटी. कित्येक आठवड्यांत त्यांचं अख्खं वाक्य कोणी ऐकलं नव्हतं. त्यांनी वाटी संपवली, पोत्याची घडी घातली, माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं, इंजिनातला बिघडलेला भाग बघावा तसं, आणि वहिनींना म्हणाले:

“बघ. काढून टाकायच्या लायकीचा माणूस हा, आणि काढलं मला.”